उतार

३ जून
ऑफिसातल्या एकाने फाइनमनच्या भौतिकशास्त्रावरील व्याख्यानांचे तिन्ही खंड मोबाइलवर धाडले. कुणीतरी चोरून स्कॅन केलेले. मी ते पुसले. १९६१ ते १९६३ या काळातली ही व्याख्याने कॅल्टेकनेच संकेतस्थळावर वाचायला मोकळी ठेवली आहेत. डाउनलोड तेवढे करू देत नाहीत. मग वहीत उतरवून घेते. हाताने लिहिताना न कळलेली ओळ बरोबर अडते.

७ जून
चौथे प्रकरण, ऊर्जेची अक्षय्यता. तीन दिवस इथेच आहे. उतार ५ फूट लांब, ३ फूट उंच, घर्षण नाही. उतारावर १० किलोचे ओझे, दोरी वरच्या कप्पीवरून पलीकडे सरळ खाली सोडलेली. तोल साधायला पलीकडे किती वजन टांगायचे? ओझे उतारभर घसरले तर ३ फूट खाली येते, टांगलेले ५ फूट वर जाते. १० गुणिले ३ भागिले ५, म्हणजे ६ किलो. बळांची आकृती काढावीच लागली नाही! स्टेव्हिनने १५८६ मध्ये त्रिकोणावर मण्यांची साखळी टाकून हाच नियम दाखवला. साखळी आपोआप सरकू लागली तर कधी थांबणारच नाही, आणि असे होत नाही. एवढाच त्याचा आधार. हे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

१२ जून
या व्याख्यानांत सोडवायला उदाहरणे नाहीत. ओपनस्टॅक्सचे ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ उघड परवान्याने मोफत मिळते, प्रकरणाअखेर भरपूर उदाहरणे. एनसीईआरटीचे अकरावीचे पुस्तकही डाउनलोड केले.

१५ जून
कलन गंजले आहे. सिल्व्हेनस थॉम्पसनचे १९१० चे ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. लेखक १९१६ मध्ये गेला. आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. मार्टिन गार्डनरने सुधारलेली आवृत्ती मात्र हक्काधीन आहे, तिला हात लावायचा नाही.

२१ जून
अप्पा बळवंत चौकातून रेस्निक-हॅलिडेचे जुने भौतिकशास्त्राचे पुस्तक आणले. समासात आधीच्या कुणाचे पेन्सिलीचे गणित: ३७ अंशांचा उतार. म्हणजे जवळजवळ तोच ३-४-५ चा त्रिकोण! त्याने साइनच्या जागी कोसाइन घेतला आणि १० किलोला ८ किलो टांगले. खोडले नाही. शेजारी माझी आकृती काढली, खाली ६ लिहिले.