मावशीच्या घरचा रेडिओ आणि तपकिरी बोर्ड

अश्दोदच्या मावसबहिणीने तिच्या लेकीबरोबर एक रेडिओ आमच्याकडे सांता क्लाराला पाठवला. 1960च्या दशकात मुंबईत घेतलेला, चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर. पोस्टात लायसन्सची फी भरून ऐकायचा तो काळ. काका इस्रायलला गेले तेव्हा तो त्यांनी सामानात न टाकता गळ्यात अडकवून नेला, असं मावशी सांगायची. काका गेल्यावर तो मुका झाला. “वाजला तर वाजवा, नाही तर तसाच परत पाठवा,” एवढंच बहिणीचं म्हणणं.

आधी कबूल करून टाकतो: तो मोडला आम्हीच. आमच्या यांनी स्क्रू काढले, बोर्ड जरा उचलला आणि मूळची एक बारीक चीर सरळ आरपार गेली. जोडायला म्हणून डाख दिला, तर उष्णतेने तांब्याच्या चकत्याच सुटून आल्या. हातात तीन तुकडे. त्या रात्री आम्ही दोघं नीट जेवलो नाही.

मग बोर्डाचा शोध सुरू झाला. आजकाल सर्रास दिसतो तो हिरवा बोर्ड म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी, त्याला एफआर-4 म्हणतात. काकांच्या रेडिओतला बोर्ड तपकिरी, म्हणजे कागदाचे थर फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवून दाबलेले. बेकेलाइटचंच भावंड. बेकलंड यांनी 1907 साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकेलाइट केलं. फिनॉल म्हणजे आपलं कार्बोलिक आणि दुसरं फॉर्मलीनमधलं. उभा जन्म वॉर्डात काढलेल्या आम्हाला दोन्हींची ओळख करून द्यायला नको. यांनी तुकड्याला ड्रिल लावलं आणि गॅरेजमध्ये जुन्या हॉस्पिटलाच्या व्हरांड्याचा वास पसरला.

हिरव्या बोर्डावर रेडिओ वाजला असताच. पण पाठीमागचं झाकण उघडताच बहिणीला कळलं असतं की आत दुसरंच काही आहे. म्हणून तपकिरीच हवा होता.

एके काळी या गावात अशी वस्तू मिळवायला फारसं हिंडावं लागत नसे. आमच्या सांता क्लारातलं हॉल्टेड 2019 साली बंद झालं. शेजारच्या सनीवेलचं वियर्ड स्टफ त्याच्या आदल्या वर्षी. डी अँझा कॉलेजच्या पार्किंगमध्ये महिन्यातून एका शनिवारी जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार भरायचा, पण शनिवार म्हटल्यावर आमचं जाणं नव्हतंच. शेवटी एका निवृत्त इंजिनियरच्या घरच्या विक्रीत जुन्या तपकिरी पत्र्यांचं खोकं मिळालं. तांबं काळं पडलेलं, पण माल त्या काळचा. यांचा आनंद काय सांगावा!

तो आनंद आठवडाभर टिकला. कागद तो कागदच, इतकी वर्षं हवेतली ओल पीत पडलेला. डाख देताच फोड आले. भाजून ओल घालवावी म्हणून यांनी स्वयंपाकाच्या ओव्हनकडे नजर टाकली. ते आम्ही होऊ दिलं नाही. गॅरेजसाठी वेगळा छोटा ओव्हन आणला, तरी थर सुटलेच. अखेर नवा पत्रा मागवला. एफआर-1 नावाचा हा कागदी माल अजून बनतो, कारण छोट्या मशिनवर बोर्ड कोरणाऱ्यांना काचेची धूळ फुप्फुसात नको असते. रंग थोडा फिका, पण जाडी तीच 1.6 मिलिमीटर, आणि वासही तोच.

तीन तुकडे स्कॅनरवर जुळवून यांनी रेघा संगणकावर उतरवल्या. जुन्या बोर्डावर त्या हाताने चिकटपट्टी लावून आखलेल्या, म्हणून वळणदार. सरळ केल्या असत्या तर काम निम्म्यावर आलं असतं. केल्या नाहीत. बाकीचं तांबं फेरिक क्लोराइडने खाऊन टाकलं. त्याचे डाग टिंक्चर आयोडिनपेक्षा चिवट, वापरलेला अ‍ॅप्रन टाकूनच द्यावा लागला. उरलेलं पाणी मोरीत ओतलं नाही, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर वेळ ठरवून दिलं. ही खोऱ्याची भूमी चिप आणि बोर्ड बनवताना वापरलेल्या द्रावणांनी आधीच पुरती नासली आहे. सुपरफंड नावाच्या सरकारी सफाईच्या यादीत या काउंटीतल्या वीसहून जास्त जागा आहेत. डाख मात्र जुन्यासारखाच शिशाचा घेतला. त्याला आमची अट एकच: हात धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही, आणि नातवंडं असताना काम बंद.

यांच्या एका मित्राने सुचवलं, थोडं चहाचं पाणी लावा, रंग जुन्याला मिळून जाईल, कुणाला कळणार नाही. सल्ला प्रेमाचा होता, पण नेमकं तेच आम्हाला नको होतं. 1976 सालचा अ‍ॅपल-1 सुमारे 200च झाला. तेव्हाची किंमत 666 डॉलर 66 सेंट, आणि 2014 साली त्यातला एक लिलावात 9 लाख 5 हजार डॉलरला गेला. त्याच्या नकला करणारे इथे पुष्कळ आहेत, आणि त्यातले सज्जन लोक बोर्डावर ही नक्कल आहे असं स्वच्छ लिहितात. आमचा रेडिओ काही लाखाचा नाही. पण उद्या बहिणीच्या नातवाने तो उघडला तर आपल्या पणजोबांचं काय आणि आपलं काय, हे त्याला समजायला हवं. म्हणून एका कोपऱ्यात तांब्यातच अक्षरं ठेवली: “सांता क्लारा, नवा बोर्ड”.

मग बहिणीला फोन केला. मोडल्याचं सांगितलं, लपवलं काही नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, तुकडे कुठे आहेत? टाकले तर नाहीत ना?”

टाकले नव्हते. सुटलेल्या तांब्याच्या चकत्यासुद्धा इंजेक्शनच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवल्या होत्या. जुने ट्रान्झिस्टर, कॉइल, कंडेन्सर, चालले तेवढे सगळे काकांच्या वेळचेच नव्या बोर्डावर बसवले. दोन कंडेन्सर बदलावे लागले, तेही डबीत गेले. बॅटरी घातली, चाक फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर, आणि मग 740वर सॅन फ्रान्सिस्कोच्या केसीबीएसच्या वाहतुकीच्या बातम्या. कुठल्या पुलावर गाड्या अडल्या आहेत, ते आम्ही दोघांनी उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकलं.

रेडिओ आणि डबी आता पुढच्या महिन्यात भाचीबरोबर परत जातील. विमानतळावर उघडायला सांगितलं तर काय सांगायचं, ते तिला लिहून दिलं आहे.