शेजाऱ्याचा बांध

माझ्या नोकरीला अठ्ठावीस वर्षे होत आली. भाषणे पुष्कळ केली. पण माझ्या भाषणाने एखादे गाव बदलले, असे काही आठवत नाही.

1999 साली एका गावी रस्त्याकडेला सोयाबीनचे प्रात्यक्षिक घेतले. बियाण्याला रायझोबियमचे जिवाणूसंवर्धन चोळले, दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवले. पीक झकास आले. येणारेजाणारे पाहत नि म्हणत, “साहेब, हे सरकारी रान! सरकारला काय कमी?” पुढल्या साली गावातल्या एका आबांनी विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत तसेच केले. ते कुणाला काही सांगायला गेले नाहीत. मळणीला पोती तेवढी मोजली. त्यापुढच्या खरिपात निम्मे गाव संवर्धनाची पाकिटे मागत माझ्या दारी!

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका 1928 च्या सुमारास आला. रायन आणि ग्रॉस या अभ्यासकांनी तिथल्या 259 शेतकऱ्यांना विचारून 1943 साली निष्कर्ष छापले. पुष्कळांना पहिली बातमी बियाणे विकणाऱ्यांकडून कळली होती. पण लावायचा धीर आला तो शेजाऱ्याकडे पाहून. माणूस इथूनतिथून सारखाच.

मात्र हाच बांध कधी घातही करतो. 2011 साली कपाशीच्या एका वाणाचे वेड लागले. दुकानापुढे पहाटेपासून रांगा. एक ओळखीचा शेतकरी मला विचारायला आला, “साहेब, मीही तेच लावू का?” त्याची जमीन मुरमाड, पाण्याची सोय नाही. वाण उशिरा येणारे, भारी जमिनीचे. मला ते ठाऊक होते. पण सारा गाव एकीकडे नि मी एकटा दुसरीकडे कसा पडू? मी म्हणालो, “सगळे लावताहेत, तर लावा.” पाऊस लवकर उघडला. बोंडे भरण्याआधीच झाडे वाळली. तो मला कधी बोलला नाही, रस्त्यात भेटला की आजही रामराम करतो. तो रामरामच मला टोचतो.

गर्दीमागे जाणारा शेतकरी मूर्ख नसतो. पेरणी वर्षातून एकदाच; चुकली तर सबंध वर्ष गेले. म्हणून तो दुसऱ्याचा अनुभव वापरतो. फक्त तो अनुभव कोणत्या जमिनीतला, हे विचारायचे राहून जाते.

तेव्हा मंडळी, शेजाऱ्याचे पीक जरूर पाहा. पण बांधावर उभे राहून तीन गोष्टी विचारा : जमीन कसली, पाणी किती, खर्च वजा जाता हाती काय राहिले? उत्तरे आपल्याशी जुळली, तरी पहिल्या साली दहा गुंठेच लावा. आबांनीही तेवढेच लावले होते.