पाहुण्याची पाठवणी

थंडीच्या दिवसांत वसईच्या मिठागरांवरून, भुईगावच्या पाणथळीवरून अगदी खालून संथपणे तरंगत जाणारा दलदली भोवत्या ज्याने पाहिला असेल, त्याला हा दूर उत्तरेचा पाहुणा आहे हे सांगूनही खरे वाटणार नाही, इतका तो येथे घरच्यासारखा वावरतो. आणि अशा पाहुण्याच्या वाटेत संक्रांतीला आपण नायलॉनचा मांजा ताणून ठेवतो! राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली हा मांजा मना केला. परंतु कायद्याची दोरी तुटते, मांजाची तुटत नाही.

पंख चिरलेल्या शिकारी पक्ष्याची शुश्रूषा म्हटली की, आपल्या कुटुंबवत्सल मनापुढे मोठे गोड चित्र उभे राहते. त्याला पाणी पाजावे, कुरवाळावे, लाडके नाव ठेवावे! शास्त्र नेमके उलट सांगते. हवेशीर खोक्यात, अंधारात, निवांत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. आणि विनाविलंब वनखात्याच्या हवाली करावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला घरी पाळण्याचा अधिकार आपल्याला नाहीच. पुढे जखम भरली तरी बांधलेला पंख आखडतो; तो हलक्या हाताने मोकळा करावा लागतो, मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव द्यावा लागतो. या साऱ्या काळात पक्ष्याला माणसाचा लळा लागू द्यायचा नसतो. कारण माणसाचे भय हाही त्याच्या आरोग्याचाच एक भाग आहे.

त्याला सोडण्याची घाई हीदेखील एक प्रकारची निर्दयताच होय. ज्याला शिकार साधत नाही, असा अर्धवट बरा पक्षी दयेपोटी सोडला तर तो उपाशी मरतो. फक्त ते मरण आपल्या दृष्टीआड होते, एवढेच.

मात्र धीर धरला तर काय घडते पाहा. २०२५ च्या जानेवारीत मध्यप्रदेशातील सतना जिल्ह्यात एक युरेशियन गिधाड जखमी सापडले. भोपाळच्या वनविहारात उपचार होऊन मार्चअखेर ते हलाली धरणाजवळ मुक्त झाले. अंगावरील यंत्र उपग्रहांमार्फत त्याची वार्ता देत होते. पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून ते थेट कझाकस्तानात पोहोचले!

परंतु बहुतेक पक्ष्यांच्या अंगावर असे यंत्र नसते. पुढल्या हिवाळ्यात मिठागरावर दिसणारा भोवत्या आपल्या औषधपाण्याने वाचलेलाच आहे की दुसरा, हे आपल्याला ओळखता येणार नाही. मला वाटते, ओळखता येऊही नये.