जुन्या सरहद्दीवर दोन दिवस

मैत्रिणींनो, सरहद्द म्हटलं की वाघा नाहीतर लडाख आठवतं, नाही का? पण १९४८ पर्यंत एक सरहद्द आपल्या महाराष्ट्रातच होती. जामखेड मुंबई प्रांतात, तर पलीकडचं पाटोदा निजामाच्या बीड जिल्ह्यात. नाणं वेगळं, जकातीचे नाके वेगळे! तिकडे दोन दिवसांची सहल काढायची असेल, तर हे अनुभवाचे चार बोल.

ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. बालाघाटचे डोंगर हिरवे असतात, सौताड्याचा धबधबा वाहता असतो. श्रावणी सोमवार मात्र टाळा, देवळात गर्दी फार.

पहिल्या दिवशी सकाळी जामखेडहून खर्ड्याला जा. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांकडून हरल्यावर निजामानं इथल्याच भुईकोटात आसरा घेतला होता. मुलांना इतिहासाचा धडा तिथंच उभं राहून सांगा, जन्मभर विसरणार नाहीत. मग जामखेडला परतून बीडचा रस्ता धरा. थोड्याच अंतरावर पाटोदा तालुक्यातलं सौताडा लागतं. विंचरणा नदी इथं खोल दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या पुष्कळ, पावसात निसरड्या. तेव्हा चप्पल मागे पट्ट्याची घाला, मुलांचे हात सोडू नका, आणि पाण्याला जोर असेल तर खाली उतरायचा हट्ट नको. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, दुसऱ्या दिवशीही चांगली राहतात. पिण्याचं पाणी घरूनच घ्या.

आमच्याबरोबर यजमानांच्या आत्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं. ‘पायऱ्या कशा उतरणार?’ म्हणून मी त्यांना न्यायलाच कुरकुरत होते. पण वरूनही दरी छान दिसते. त्यांना वर सावलीत बसवलं, मीही बसले. बराच वेळ रस्त्याकडे बघून त्या म्हणाल्या, ‘सरहद्द कुठं गेली गं?’

मग कळलं. रझाकारांच्या धामधुमीत, आठ-नऊ वर्षांच्या असताना, पाटोद्याकडचं घर सोडून त्या रातोरात बैलगाडीनं जामखेडला आल्या होत्या. आईनं जातं मागं ठेवलं, पण तुळशीचं रोप फडक्यात बांधून घेतलं. ‘मुकाट बस,’ एवढंच ती वाटभर सांगत होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं, आणि ही मंडळी परतली. जातं जागेवरच होतं म्हणे!

माझ्या सासूबाईही त्याच गाडीत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही, पण मी कधी विचारलं नाही. आता विचारायला त्या नाहीत.

मुक्काम बीडला करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ आणि सोळाव्या शतकातली खजाना विहीर पाहा. जमिनीखालच्या नहरींतून शेतांना पाणी देणारी ही विहीर बघून आपण थक्क होतो. दुपारी परतीला लागलात तर अंधाराआधी घाट उतरून व्हाल.

आणि हो, सामानाच्या यादीत शेवटची ओळ लिहून ठेवा: घरातलं एखादं जुनं माणूस. गाडीत खिडकीजवळची जागा त्यांना द्या. तिथं आता फक्त जिल्ह्याची पाटी आहे. सरहद्द तेवढी त्यांनाच ठाऊक.