नातवाच्या नावाचे पाकीट

मुलीकडे बॉस्टनजवळ राहायला गेले की दुपारचे टपाल आत आणणे हे माझे एकमेव सरकारी काम! बहुतेक सारी जाहिरातींची रद्दी. पण त्या दिवशीचे पाकीट खरोखरच सरकारी होते आणि त्यावर नाव होते माझ्या नातवाचे. त्याला नुकतेच अठरावे संपले होते.

"अगं आई, काही नाही," मुलगी म्हणाली, "अठरा पुरी झाली की मुलांना लष्करभरतीच्या यादीत नाव घालावं लागतं. नुसता कागद आहे. सक्तीची भरती 1973 सालीच थांबली."

नुसता कागद! मी मात्र त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

रविवारी नातू मला कॉन्कॉर्डला घेऊन गेला. थोरोचे हे गाव. मेक्सिकोवरचे युद्ध आणि गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला डोईपट्टी देणार नाही, असे म्हणून 1846 च्या जुलैत हा गृहस्थ एक रात्र इथल्या तुरुंगात राहिला. चांभाराकडे दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला निघाला असताना त्याला पकडले. कुणीतरी परस्पर पट्टी भरली, सकाळी तो सुटला, जोडा घेतला आणि मंडळींबरोबर रानफळे वेचायला गेला! तो तुरुंग आज उरलेला नाही. त्या रात्रीतून निघालेला निबंध मात्र पुढे गांधीजींच्या हाती पडला.

युद्धाला विरोध म्हटला की तो असाच सोज्ज्वळ असतो, अशी माझी भाबडी समजूत. नातवाने ती वाटेतच मोडली. 1863 साली न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल उसळली. तीनशे डॉलर भरले की श्रीमंताच्या मुलाची सुटका होई. तेवढे पैसे मजुराने आणायचे कुठून? राग रास्तच होता. पण जमावाने तो काढला निग्रोंवर. त्यांच्या पोरक्या मुलांचा आश्रम जाळला. मुले निसटली हे दैव. इतर कितीतरी काळ्या माणसांना जमावाने हालहाल करून मारले.

"आणि केंट स्टेट?" मी विचारले. तो गप्प झाला. 4 मे 1970 रोजी ओहायोतल्या त्या विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने चालली असता सैनिकांनी तेरा सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले; त्यांतले दोघे तर निदर्शनांत सामीलही नव्हते. सारी याच्याच वयाची पोरे.

"2003 च्या फेब्रुवारीत इराकच्या युद्धाविरुद्ध लोक लढाई सुरू होण्याआधीच रस्त्यावर आले," तो म्हणाला, "तरी मार्चमध्ये युद्ध झालंच. तेव्हा सक्ती नव्हती ना, आजी. शनिवारी मोर्चाला जायचं नि सोमवारी कामावर."

मला त्याचे बोलणे थोडे कठोर वाटले. ज्यांच्या घरचे कुणी जाणार नव्हते ते त्या थंडीत बाहेर पडले, याला काहीच मोल नाही? पण मी बोलले नाही. बोलायला मला तोंड कुठे होते?

1962 साली मी शाळेत होते. चीनचे आक्रमण झाले, आईने हातातली बांगडी संरक्षण निधीला दिली आणि आम्ही मुली जवानांसाठी स्वेटर विणायला बसलो. आमच्या आळीतला एक मुलगा नेफातून परतला नाही. त्याच्या आईपाशी जाऊन दोन घटका बसावे, हेसुद्धा आम्हाला सुचले नाही. आम्ही पुढची ओळ विणायला घेतली. शत्रू दाराशी आला होता, ते युद्ध निराळे, असे मी आजही म्हणते. पण पर्ल हार्बरनंतर अमेरिकेतही सारे हेच म्हणत होते. तेव्हा प्रतिनिधिगृहात 388 विरुद्ध 1 अशी मते पडली. ते एक मत जेनेट रँकिन या बाईचे! बाहेर पडताच लोक इतके अंगावर आले की तिला टेलिफोनच्या खोक्यात शिरून दार लावून घ्यावे लागले. ही बाई पुढे अनेकदा भारतात येऊन गेली. तिचे मत बरोबर होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. ते खोके मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर नातवाने ते पाकीट फोडले. कागद टेबलावर पसरला.

"आजी, पेन आहे का गं?"

माझ्या पर्समध्ये होते. मी दिले.