बाबांचं नवं मशीन

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या!

नारायण पेठेत आमचं छपाईचं दुकान आहे. तिथलं छोटं डिजिटल मशीन लग्नसराईत अगदी टेकीला यायचं. ३०० जीएसएमचा जाड कागद घातला की अडकलंच. शेवटी बाबांनी मोठं प्रॉडक्शन मशीन घ्यायचं ठरवलं.

मी भावी इंजिनिअर, लगेच हिशोब मांडला. ऑफसेटला रंगीत कामासाठी ४ प्लेट लागतात, म्हणून १०० पत्रिका महाग आणि १०,००० स्वस्त पडतात. डिजिटलला प्लेटच नाही. पण दर छापामागे कंपनीचा क्लिक चार्ज, आणि मशीन रिकामं बसलं तरी कर्जाचा हप्ता चालूच. "रोज एवढं काम येईल?" मी विचारलं. बाबा गप्प.

बोलले ते आमचे ऑपरेटर काका. "अगं, पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो. एसीचं बिल धरलंस का?"

नव्हतं धरलं. हिशोब पुन्हा केला. हप्ता बसत होता, पण जेमतेम. बाबांनी तरीही सही केली.

मशीन आलं आणि काकांचा चेहरा उतरला. मॅन्युअल इंग्लिशमध्ये! मग रोज संध्याकाळी मी वाचून मराठीत सांगायचे आणि काका करून बघायचे. कागदाची घडी कुठल्या बाजूने घातली की तडकत नाही, हे मात्र त्यांनी मला शिकवलं.

पहिली पत्रिका काकांनी भिंगाखाली धरली. "रंग जागेवर बसलेत," म्हणाले.

हप्ते अजून ५ वर्षं आहेत. तुमच्यापैकी कुणाचं लग्न ठरलं, तर पत्रिका आमच्याकडेच!