हातापुरता दिवा

दिवा घरी करावा की बाजारातून आणावा, हा प्रश्न सुशिक्षित गृहस्थाला पडण्याचे वस्तुतः काही कारण उरलेले नाही. शे-दोनशे रुपयांत आज जो दिवा मिळतो, तो घरी केलेल्या कोणत्याही दिव्यापेक्षा देखणा असतो, आणि बहुधा स्वस्तही पडतो. काटकसरीसाठी घरी दिवा करणाऱ्याने आपला हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा. स्वदेशीच्या अभिमानाने करणाऱ्याने मात्र तो मुळीच तपासू नये. कारण तारेपासून सेलपर्यंतच्या वस्तूंचा जन्म कोठे झाला, हे कळल्यावर त्या अभिमानात फारसे काही शिल्लक राहणार नाही. इतके सगळे ठाऊक असूनही गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या आमच्या घरी एक दिवा तयार झाला, आणि तो का झाला याचे उत्तर या दोन्ही हिशेबांत बसत नाही.

आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारे घर आक्का म्हणते, आमच्याजवळ राहतात. त्र्याहत्तरावे वर्ष चालू आहे. दृष्टी बरी आहे, कान तर आमच्याहून तिखट आहेत. परंतु संधिवाताने दोन्ही हातांची बोटे वाकली आहेत आणि अंगठा तर्जनीला भेटावयास नाखूष असतो. बदलापुरात पावसाळ्यातील वीज ही पाहुण्यासारखी असते. आली तर आनंद, गेली तर बोलावयाचे नाही. रात्री दोनच्या सुमारास अंधार झाला की आक्कांना उठावयाचे असते आणि उशाशी ठेवलेल्या विजेरीचे बटन दाबता येत नसते. ते बटन करंगळीच्या नखाएवढे, वर रबराने मढवलेले, आणि बोटाच्या टोकानेच दबेल असे. आमच्या भाच्याने हाक मारण्यासाठी एक घंटा आणून दिली. आक्कांनी ती नीट पुसून कपाटात ठेवली. "मला कुणाला बोलवायचं नाही रे," त्या आम्हांस म्हणाल्या, "मला उठायचं आहे."

या एका वाक्याने प्रश्नाचे स्वरूप पालटले. प्रकाश कमी नव्हता; प्रकाशापर्यंत हात पोहोचत नव्हता.

शेजारच्या अंबरनाथात 1920 नंतरच्या दशकात स्वीडिश भांडवलाने आगपेट्यांचा मोठा कारखाना निघाला. तेथील एक नाका अजून 'विम्को' याच नावाने ओळखला जातो. आक्कांच्या लहानपणी दिवा म्हणजे आधी काडी. एका काडीसारखी दुसरी, दुसरीसारखी लाखावी. आणि ती प्रत्येक काडी गृहीत धरते की ओढणाऱ्याला दोन आज्ञाधारक अंगठे आहेत. कारखान्याला हे गृहीत धरल्यावाचून गत्यंतर नाही. तो एका माणसासाठी वस्तू करीत नाही, माणसांच्या सरासरीसाठी करतो. आणि सरासरीचा हात ज्याला नाही त्याने घंटा वाजवावी, अशी एकंदर व्यवस्था आहे.

आमचा एक विद्यार्थी अंबरनाथास राहतो. तो शास्त्र शाखेचा. आमच्याकडे इंग्रजी शिकावयास येई आणि मनापासून कंटाळत असे. त्याच्या खोलीतील टेबलावर एक थ्रीडी प्रिंटर आहे. आमच्या पिढीत 'छापणे' या क्रियापदाचे कर्म पुस्तक किंवा फार तर लग्नपत्रिका असे. हा मुलगा खुंट्या, झाकणे आणि दातेरी चाके छापतो. यंत्राची रीत त्याने आम्हांस समजावून सांगितली, पण ती आक्कांना आमच्या आधी कळली. पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार सुमारे दोनशे अंश उष्णतेच्या तोटीतून वितळून बाहेर पडते, तोटी आखलेल्या वाटेने फिरते, आणि दोन-दशांश मिलिमीटरचा एक थर पुरा झाला की त्यावर दुसरा. "म्हणजे सोऱ्या," आक्का म्हणाल्या. "चकली पाडायची आणि तिच्यावर चकलीच पाडायची." यापेक्षा नेमकी व्याख्या आमच्या वाचनात नाही. ते प्लॅस्टिक मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून होते, हे ऐकल्यावर तर त्यांचा त्या यंत्राविषयीचा परकेपणा पार गेला.

मग माप घ्यावयाचे ठरले. मुलाने कोरा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आजी, हात ठेवा." आक्कांनी पदराखालचा हात बाहेर काढला नाही. गेली काही वर्षे त्या पाहुण्यांसमोर हात असेच झाकून बसतात, हे आमच्या लक्षात होते; त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. मुलगा घाई न करता पेन्सिलीला टोक करीत बसला. अखेर तो हात कागदावर आला आणि त्याने त्याची कड पेन्सिलीने रेखली. वाकलेली बोटे सरळ करण्याचा यत्न त्याने केला नाही, की 'थोडे सैल सोडा' असे म्हटले नाही. जसा हात तशी रेघ. वैद्यांनी तो हात पुष्कळदा पाहिला होता, पण तो कसा असावयास हवा होता हे मनात धरून. आहे तसा तो प्रथमच कोणी पाहिला.

त्या रेघेवरून बटनाची पट्टी छापली गेली: तळहाताच्या उशीने दाबता येईल अशी, चार बोटे रुंद, जरा खोलगट. तिला लागूनच दिव्याची बैठक. थर मोजले तर ते दीडशे भरावेत, आणि छपाई दुपारभर चालली. बैठकीत वजनासाठी वाळू, उभा दांडा म्हणजे विजेच्या तारा घालतात त्या पांढऱ्या पाइपचा वीतभर तुकडा, वर ट्रेसिंग पेपरची टोपी. पाइप, तार, खटका हे सारे उल्हासनगरच्या बाजारातून आले. कल्याणच्या रिकाम्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली तेव्हा या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील मालावरच्या 'यूएसए' या अक्षरांची थट्टा साऱ्या लोकलगाडीला पाठ आहे. आम्हांस मात्र त्या थट्टेपेक्षा ते गाव अधिक आवडते. घरदार गमावून बराकीत आलेल्या माणसाने जे हाती लागले ते उकलून पाहिले आणि तसे दुसरे केले. 'हे आपल्याला येत नाही' असे म्हणण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती.

आता प्रकाशाचा मुख्य भाग. तो घरी होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. तांबडा एलईडी 1962 साली झाला. निळ्यासाठी पुढची तीस वर्षे गेली, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही, कारण निळ्या कणावर पिवळ्या प्रकाशाचा लेप बसवूनच पांढरा उजेड मिळतो. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना याच कामासाठी 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील नाकामुरा स्फटिक वाढवण्याचे यंत्र स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा मोडून जोडीत असत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्याला नोबेलपेक्षा महत्त्वाची वाटते. असो. वात वळणाऱ्या आजीनेही कपाशी कुठे पेरली होती?

दहा लहान एलईडी, प्रत्येकाला आपला 68 ओहमचा रेझिस्टर. सर्वांना मिळून एकच का नाही, असे आम्ही विचारले. मुलगा म्हणाला, "सर, दिसायला सारखे असले तरी स्वभावात फरक असतो. एकत्र बांधले तर एखादाच जास्त करंट ओढतो आणि लवकर मरतो." वर्गातील साठ मुलांना एकाच मापाने शिकवण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत, तेव्हा आम्ही पुढे काही विचारले नाही. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब 4.2 व्होल्ट, त्यांतील सुमारे तीन व्होल्ट एलईडी घेतो, उरलेला भार रेझिस्टर सोसतो. दहांचा मिळून खर्च पावणेदोनशे मिलिअँपिअरच्या आसपास. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल अख्खी रात्र पुरतो. लिथियमचा सेल हे खेळणे नव्हे. म्हणून तो भरण्याचे आणि राखण्याचे काम करणारी टिकलीएवढी तयार पट्टिकाच मध्ये बसवली. डाख मुलाने दिला, आणि आम्ही चिमट्यात तारा धरून उभे राहिलो.

उजेड पोथी वाचण्याइतका नाही. चष्मा, पाण्याचे भांडे आणि दाराची कडी दिसते, एवढाच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात, जे शके 982 पासून उभे आहे, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर एखादी समई जितके दाखवते, तितकाच. पहिल्या रात्री वीज गेली तेव्हा पलीकडच्या खोलीत 'खट्' असा आवाज झाला, मग पावलांचा, मग कडीचा. आम्ही जागे होतो, पण उठलो नाही.

ती पट्टी जानेवारीत कडेला चिरली. मुलाने आकृती जपून ठेवली आहे. तशीच दुसरी छापावयास त्याला अर्धा दिवस पुरे. आक्कांनी मात्र तशीच नको म्हणून सांगितले आहे. या खेपेस त्यांनी आपण होऊन कागद मागितला आणि हात ठेवला. नवी रेघ जुन्या रेघेवर धरून पाहिली. अंगठा आणखी आत वळला आहे. नवी पट्टी बोटभर अधिक रुंद होईल, आणि खोलगटपणा डावीकडे सरकवावा लागेल.